अकरावी चिठ्ठी

आक्का दोन पिशव्या घेऊन आली, तेव्हाच धाकट्याच्या लक्षात यायला हवं होतं. भेटवस्तूंच्या रविवारी ती नेहमी एकच कापडी पिशवी आणायची आणि दारातच वहिनींच्या हातात देऊन मोकळी व्हायची. आज दुसरी पिशवी तिने खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि जेवण संपेपर्यंत तिला पाय लावून बसली. पण धाकट्याचं लक्ष पिशवीकडे नव्हतं, दादाकडे होतं. दादा हरला होता, आणि हरलेला दादा बघायला मिळणं या घरात फार क्वचित घडतं.

अट दादानेच घातली होती, उन्हाळ्यात, याच टेबलावर. आक्काच्या लाकडी डब्यांच्या दुकानाचा करार या वर्षाअखेर संपत होता. जागामालकाला उत्तर सोमवारी, म्हणजे उद्याच हवं होतं: आणखी तीन वर्षं, नाहीतर जागा मोकळी. दादाचं म्हणणं होतं की पुरे झालं. चौसष्टाव्या वर्षी एकटीने थंड गाळ्यात करवत चालवायची काही गरज नाही, मागची खोली रिकामी आहे, इथे येऊन राहा. आक्का ऐकेना. शेवटी दादा म्हणाला होता, "सुट्ट्यांच्या हंगामात दहा माणसांनी तुझ्याकडून भेटवस्तू करून घेतली, तर तीन वर्षं मी तोंड उघडणार नाही. नाही आली दहा माणसं, तर दुकानाची चावी माझ्या हातात द्यायची." आणि आक्काने, जिने आयुष्यात कुणाची अट मानली नव्हती, ती मानली होती.

आज जेवायला बसता बसताच तिने सांगून टाकलं. "अकरा आल्या, दादा."

दादा म्हणाला, "बरं." बस, एवढंच. मग कसेबसे चार घास खाऊन त्याने हात टेबलाखाली घेतले आणि पुन्हा वर काढले नाहीत. चहा आला तोही त्याने तसाच निवू दिला. धाकट्याला वाटलं, लागलंय मनाला.

धाकट्याला आनंद झाला होता, आणि आनंदाखाली थोडी धाकधूकही होती. अकरातल्या तीन ऑर्डरी त्याच्या होत्या. तो स्टेशनजवळच्या चार मजली दुकानात भेटवस्तूंच्या मजल्याचा प्रमुख होता. आक्काचं गिऱ्हाईक ज्या दारातून आत शिरलं आणि परत आलं नाही, त्या दारात उभं राहून लोकांचं स्वागत करण्याचा त्याला पगार मिळत होता. आक्काने त्यावरून त्याला एकदाही टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कित्येकदा वाटायचं.

जेवणं आटोपली. टेबल पुसलं गेलं. भेटी मध्यभागी आल्या.

या घराची भेटींची रीत बाबांनी घालून दिलेली. बाबा सुतार. आक्काचं दुकान मुळात त्यांचं. वर्षअखेरच्या सुट्टीत एकमेकांना जे द्यायचं ते अशाच ठिकाणाहून घ्यायचं, जिथे बनवणारा माणूस स्वतः समोर उभा असतो. भेट उघडण्याआधी घेणारा विचारणार, "कुणाच्या हातचं?" आणि देणाऱ्याने त्या माणसाबद्दल सांगायचं. सांगता आलं नाही, तर भेट न उघडता परत. धाकट्याने नोकरी लागली त्या वर्षी आपल्याच मजल्यावरचा चकचकीत दिवा आणला होता, तो कागदासकट परत गेला. बाबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ज्याने केला त्याला आपण ओळखत नाही, मग कौतुक कुणाचं करायचं?" पुढल्या वर्षापासून धाकटा जेवणाच्या सुट्टीत गळ्यातलं ओळखपत्र खिशात लपवून मागच्या गल्लीत खरेदी करू लागला.

त्याने वहिनींना साबण दिला. "कुणाच्या हातचं?" "पुलाखालच्या दोघी बहिणी. धाकटी बोलते, थोरली ढवळते." वहिनी हसल्या. दादाची लेक छकुली दवाखान्यात नर्स होती; तिने काकाला मफलर दिला, दवाखान्यासमोरच्या विणणाऱ्या बाईंचा. बाई रुग्णांच्या नातेवाइकांना बसायला खुर्ची देतात आणि विणता विणता त्यांचं ऐकून घेतात. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

मग आक्काने दुसरी पिशवी उचलून टेबलावर ठेवली आणि आतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला.

छकुलीने चिठ्ठ्या लगेच ओळखल्या. त्या चिठ्ठ्या तिने दुकानात शंभर वेळा पाहिल्या होत्या, कामाच्या टेबलावर दोरीला लावलेल्या. आत्या गिऱ्हाइकाला माप आधी कधीच विचारत नसे. म्हणे, "ज्याला द्यायचंय त्याच्याबद्दल तीन गोष्टी सांगा." त्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी डोळ्यांसमोर टांगायची आणि मग लाकूड निवडायची. छकुलीने तिच्यासाठी फोनवर ऑर्डरीचं पान करून दिलं, तेव्हाही आत्याने हट्टाने तेच तीन प्रश्न घालायला लावले होते. दुसरं काही नको, म्हणाली.

याच तीन प्रश्नांनी पंचाईत केली. हंगाम अर्धा सरला तरी एकही ऑर्डर येईना, तेव्हा छकुली, आई आणि काका स्वयंपाकघरात दार लावून बसले आणि त्यांनी ठरवलं की दहा गिऱ्हाइकं आपणच उभी करायची. खोटी नावं सुचायला वेळ लागला नाही. पण प्रत्येक नावामागे एक माणूस हवा होता, त्या माणसाबद्दल तीन गोष्टी हव्या होत्या. चार छकुलीने लिहिली, तीन काकाने, तीन आईने, आपापल्या वेळेला आणि एकमेकांना न दाखवता. तयार डब्या "पोस्टात टाकते" म्हणून छकुली घेऊन यायची आणि आईच्या कपाटात, दुलयांच्या मागे ठेवायची. दहाच्या दहा तिथे होत्या. अकरावीचं तिला आज जेवताना पहिल्यांदा कळलं होतं आणि तेव्हापासून ती हरखून गेली होती, की एक तरी खरं गिऱ्हाईक आलं.

"वाचते हं," आत्या म्हणाली आणि चष्मा लावला. "पहिली. सातवीतल्या मुलीसाठी. हुशार आहे. पेन्सिल कानावर ठेवते आणि घरभर शोधत फिरते."

वहिनींनी शेंगदाण्यांची वाटी उगाच जवळ ओढली.

"दुसरी. निवृत्त पोस्टमास्तरांसाठी. एकटे राहतात. कुलूप लावून चार पावलं जातात, परत येतात आणि दोनदा ओढून बघतात. तिसरी. शेजारच्या बाईंसाठी. खिशात पेपरमिंट असतं. देताना मोडून अर्धंच देतात, अर्धं परत खिशात." ती चिठ्ठ्या एकीखाली एक सारत होती, सावकाश. "चौथी. मित्रासाठी. नाही म्हणायचं असलं की आधी गुणगुणतो. पाचवी. ग्रंथपाल बाईंसाठी. जिना चढताना शिट्टी वाजवतात, शेवटच्या पायरीवर थांबून उरलेली चाल पुरी करतात आणि मगच आत येतात."

छकुलीने आईकडे पाहिलं. आईने काकाकडे. काका टेबलक्लॉथवरचा एक बारीकसा डाग नखाने खरवडत होता.

पेन्सिलवाली छकुलीची होती. ती लिहिताना तिला वाटलं होतं, काय छान सुचलं. पण ते सुचलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि त्यांच्या कानावरची पेन्सिल शोधून देणं हे तिचं घरातलं काम होतं. शिट्टीवालीही तिचीच.

"आणखी पाच आहेत," आत्या म्हणाली. "त्याही तशाच. वाचू?"

"नको," दादा म्हणाला. त्याला ठाऊक नसलेलं काही टेबलावर फिरत होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलेलं नव्हतं. "हे काय चाललंय, कुणी सांगेल का?"

आक्काने चष्मा काढला. "तेच विचारते आहे मी. कुणाच्या हातचं?"

हा प्रश्न या टेबलावर इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला होता, आणि आज पहिल्यांदाच उत्तर द्यायला तीन मोठी माणसं कचरत होती. शेवटी धाकटा बोलला.

"तीन माझ्या, आक्का."

"तीन माझ्या," वहिनी म्हणाल्या.

"चार माझ्या, आत्या. कल्पना माझी होती. ओरडायचं तर मला ओरड."

"ओरडत नाही गं." आक्काचा आवाज खरोखरच चढला नव्हता. "तुम्हाला माणसं रचायची होती. जगात एवढी माणसं आहेत. आणि तिघांनी आपापल्या जागी बसून एकाच माणसाचे तुकडे पाठवले मला. चौथ्या चिठ्ठीला मला हसू आलं. सहाव्या चिठ्ठीला कळलं."

"कळलं तर मग केल्यास कशाला?" धाकट्याने विचारलं. "दहाच्या दहा?"

चिठ्ठ्यांच्या कडा आक्काने बोटांनी सारख्या केल्या.

"बाबांना मी कधी काही करून दिलं नाही," ती म्हणाली. "सतरा वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून काम केलं. पेन्सिली ठेवायला एक डबी करते म्हटलं, तर म्हणायचे, आधी गिऱ्हाइकाचं. मग गेलेच. तुम्ही चिठ्ठ्या पाठवल्यात, तेव्हा ते गिऱ्हाईक होऊन आले. मला करायच्या होत्या, म्हणून केल्या. फार सुखाचे दिवस गेले माझे. ते खोटं नाही." तिने वर पाहिलं. "पण तुम्ही मला लबाडीने जिंकून देत होतात. ते मला लागलं. माझं काम कुणाला हवं आहे का, एवढंच मला बघायचं होतं. तुम्ही ते बघूच दिलं नाहीत."

धाकट्याने मान खाली घातली. छकुली रडायला लागली, दवाखान्यात सवय झालेली असते तशी, आवाज न करता.

"अट मोडली," दादा म्हणाला. तो सुखावला नव्हता. आवाजात जिंकल्याची जराही खूण नव्हती, उलट थकवा होता.

"थांब. अजून एक आहे." आक्काने पिशवीत हात घातला. "ही यांच्यातली नाही. दहा दिवसांपूर्वी आली." तिने शेवटची चिठ्ठी वाचली. "नवऱ्यासाठी. फारसे बोलत नाहीत. हात थरथरतात. औषधाची डबी त्यांची त्यांना उघडता यावी. पार्सल नको, घ्यायला येईन." चिठ्ठी तिने इतरांपासून वेगळी ठेवली. "यात कुठे शिट्टी नाही, पेपरमिंट नाही. बाबांचा हात तर मरेपर्यंत दगडासारखा स्थिर होता. यात सजवलेलं काही नाहीच. म्हणून मी ओळखलं की ही खरी. कुणीतरी अनोळखी बाई आहे. तिला ही वस्तू हवी आहे, कुठे मिळाली नाही, म्हणून ती माझ्यापर्यंत आली. मी आठ दिवस दुसरं काही केलं नाही."

तिने डबी काढून ठेवली. अक्रोडाची, पसरट, तळाला जड. झाकणाला मूठ नव्हती, खाच नव्हती, बोटांनी पकडायचं काहीच नव्हतं.

"एक तरी आली," आक्का म्हणाली. चेहऱ्यावर जे होतं ते वहिनींना बघवेना.

वहिनी उभ्या राहिल्या होत्या, कधी ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी छकुलीकडे पाहिलं. लेकीने ओल्या डोळ्यांनीच मान किंचित हलवली. नको, आई. फक्त त्या दोघींनाच ठाऊक होतं, गेले सात महिने. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी ह्यांनी बजावलं होतं, आक्काला कळता कामा नये, धाकट्याला तर नाहीच नाही. ज्याने तीस वर्षं नकाशे काढले, ज्याच्या रेघेला कचेरीत उदाहरण म्हणून दाखवत, त्याला स्वतःच्या सहीची लाज वाटू लागली होती. म्हणून हात टेबलाखाली. म्हणून निवलेला चहा. म्हणून आक्काला घरी आणायची घाई, की चालतंय तोवर भावंडं एका छपराखाली यावीत. यातलं तो स्वतः कधीच कुणाला सांगणार नव्हता.

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसलं तर आक्काला तिची अनोळखी बाई मिळत होती आणि ह्यांचा शब्दही राहत होता. पण उद्या आक्का दुकानात बसून त्या बाईची वाट बघणार. परवाही बघणार. सुट्टी संपली तरी बघणार.

"आक्का," वहिनी म्हणाल्या, "ती माझी आहे."

आक्काने डबीवरून हात काढला नाही. "तुम्हीसुद्धा, वहिनी? आणखी एक?"

"नाही. ही खोटी नाही."

दादाने वहिनींकडे पाहिलं.

"हे चारचौघांत सांगायची गरज होती?" दादा हळू आवाजात म्हणाला.

"चारचौघं कुठे आहेत इथे? भाऊ आहे, बहीण आहे." वहिनी थांबल्या नाहीत. "अहो, रोज सकाळी मी पलंगाखालून गोळ्या वेचते. तुम्ही मला हाक मारत नाही, मी बघितलं असं दाखवत नाही. औषधांच्या दुकानातल्या सगळ्या डब्या आणून पाहिल्या. भावजी, तुमच्या दुकानातसुद्धा गेले होते, तुमची सुट्टी बघून."

"बावीस प्रकार आहेत आमच्याकडे," धाकटा म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. तो दादाकडे बघत होता, आणि निवलेल्या चहाचा अर्थ त्याला आत्ता लागत होता. मघाशी आपण मनातल्या मनात हसलो, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बावीस पाहिले. सगळ्यांना दोन बोटांची चिमूट लागते. तेवढीच ह्यांच्याकडे नाही." वहिनी आक्काकडे वळल्या. "तुमच्यावर उपकार करायला नाही मागवली. कुठे मिळेना म्हणून मागवली. नाव खोटं लिहिलं, कारण खरं लिहायची मला बंदी होती."

आक्काने डबी उचलली, टेबलाला वळसा घालून दादासमोर ठेवली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

दादाने उजवा हात टेबलाखालून वर काढला. हात थरथरत होता, सगळ्यांदेखत, आणि त्याने तो थरथरू दिला.

"कुणाच्या हातचं?" त्याने विचारलं.

"माझ्या," आक्का म्हणाली. "मागच्या कडेवर तळवा टेक. बोटं वापरू नकोस. नुसता भार दे."

त्याने तळवा टेकवला. झाकणाची पुढची कड आपसूक वर आली आणि तशीच उभी राहिली. आत चार वाट्या होत्या, बशीसारख्या उथळ, एका बाजूला चढ असलेल्या. आक्काने टेबलावरच्या वाटीतला एक शेंगदाणा उचलून आत टाकला. दादाने एका बोटाने तो लोटला. शेंगदाणा चढावरून सरकत थेट त्याच्या दुसऱ्या तळव्यात पडला. त्याने तो पुन्हा आत टाकला, पुन्हा काढला. मग तिसऱ्यांदा.

"घसरत नाही ही," तो म्हणाला.

"तळाला शिसं भरलंय."

आक्का आपल्या जागी गेली. पर्समधून चावी काढून तिने टेबलाच्या मधोमध ठेवली. "अट दहाची होती. एकच खरी निघाली, तीही घरातली. दिलेला शब्द मी फिरवत नाही."

"आत्या, त्या दहा..."

"त्या दहा डब्या तुमच्या. लपवून नाही ठेवायच्या. कानावर पेन्सिल ठेवणारी मुलगी कुठेतरी असेलच. दोनदा कुलूप ओढणारे म्हातारे तर गल्लीगल्लीत आहेत. शोधा. सुट्टी संपायच्या आत प्रत्येक डबी तिच्या माणसाला द्या. कुणाच्या हातची विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर सांगू नका."

दादा चावीकडे बघत होता. मग त्याने ती उचलायला हात पुढे केला. चावी चपटी, टेबल गुळगुळीत. बोटं चावीवर पोचली, घसरली, पुन्हा पोचली, पुन्हा घसरली. धाकट्याचा हात नकळत पुढे झाला. वहिनींनी त्याचं मनगट धरलं. सगळे बसून राहिले आणि बघत राहिले, कारण बघायचं नाही असं ठरवून सात महिने वाया गेले होते.

शेवटी दादाने बोटांचा नाद सोडला. हाताच्या कडेने चावी टेबलाच्या काठापर्यंत सरकवत नेली आणि खाली धरलेल्या दुसऱ्या तळव्यात पाडली. तो उठला. आक्कापाशी गेला आणि तळवा तिच्यापुढे धरला.

"अट मी घातली होती," तो म्हणाला. "माणसं मोजायची अट. ती चुकीचीच होती." मग म्हणाला, "जागामालकाला उद्या मी फोन करतो. तीन वर्षं म्हणून सांगतो. दुकान किती वाजता उघडतेस?"

"नऊला."

"साडेनऊला येतो. चार वाट्या पुरणार नाहीत. पाचवी गोळी सुरू केलीय, तुझ्या वहिनीला अजून ठाऊक नाही."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

आक्काने चावी घेतली. मग खुर्ची ओढून बसली, गठ्ठ्यातली एक चिठ्ठी उलटी केली आणि छकुलीकडे हात केला. छकुलीने पेन शोधून तिच्या हातात ठेवलं.

"ज्याच्यासाठी हवी आहे, त्याच्याबद्दल तीन गोष्टी सांगा," आक्का म्हणाली, दुकानात म्हणते त्याच आवाजात, वर न बघता.

दादा उभाच होता. खिडकीबाहेर संध्याकाळ उतरत होती, दिवा अजून कुणी लावला नव्हता.

"हात थरथरतात," तो म्हणाला.

आक्काने लिहिलं. "पुढे?"

"बाकीच्या दोन उद्या सांगतो. दुकानात."